ताई वजन सोडायची तिथे

४ मार्च

ताई,

हे पत्र मी फार टाळलं. टाळलं म्हणजे कसं, तर रोज लिहायला बसले आणि रोज दुसरंच काहीतरी करत सुटले. एकदा घरातल्या सगळ्या पेन्सिलींना टोक केलं. एकदा खिडकीची कडी बसवली. काल तर खालच्या वर्कशॉपमध्ये जाऊन एक फळी घासून दिली, कुणी सांगितलं नसताना. मिस्त्री म्हणाले, "काय गं, कुणापासून पळतेयस?" मी म्हटलं, "बहिणीपासून." ते म्हणाले, "मग फळीनं भागायचं नाही. ही अख्खी बोट घे."

कारण तुला माहीत आहे. जाताना बसच्या दारात उभी राहून तू म्हणालीस, "पाण्यात उतरणं सोडशील तेव्हा लिही. त्याआधी नको." सोडलं असतं तर लिहिलं असतं. सोडलं नाही म्हणून लिहिलं नाही. आता न सोडताच लिहितेय. पत्र फाडणार असलीस तर पुढचं पान वाचून मग फाड, त्यात विनोद आहे.

मी आता बोटी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या वर्कशॉपवर राहते. खोली म्हणजे पोटमाळाच. मधोमध उभी राहिले तर ठीक, कडेला गेले की डोकं आपटतं. रंगाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास कपड्यांना इतका बसलाय की लोक मला विचारतात, तुमच्याकडे फर्निचरचं काम चाललंय का. सकाळी बंदरात काम असतं, तेच जुनं: जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात अडकलेले दोर कापायचे. दुपारी मी लेखिका असते. हे लिहिताना मला स्वतःलाच हसू येतंय. शाळेत निबंधाला बाईंनी "विषय सोडून" असा शेरा मारला होता आणि तू तो घरी लपवला होतास, आठवतं?

झालं असं, की बंदराच्या साप्ताहिकात मी एकदा सहज चिठ्ठी पाठवली, धक्क्याखाली कवळी सापडली आहे, ज्याची असेल त्याने न्यावी. संपादकबाईंनी बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "खाली अजून काय काय पडलंय ते लिही. पण मुद्द्याला धरून." मुद्द्याला धरणं काही जमत नाही, पण लिहिते. खुर्च्या, छत्र्या, एक शिवणयंत्र, कुणीतरी रागाने फेकलेली लग्नाची चित्रफीत. लोक वाचतात. त्या कवळीसाठी चार जण आले. चौघांच्याही तोंडात ती बसली नाही. तरी शेवटचा ती घेऊन गेलाच. म्हणाला, "नसण्यापेक्षा बरी."

हाच तो विनोद. आता फाडायचं तर फाड.

अजून आहेस? मग एक विचारते. लाटा अडवायच्या भिंतीपलीकडे ते उथळ पाणी आहे ना, जिथे पाण्याखाली गवत आहे, तिथे आपण दोघींनी त्या कंपनीसाठी सर्व्हे केला होता. आपलं शेवटचं काम. तेव्हा वर बोटीत तू नेमकं काय काय करायचीस ते आठवलं तर लिही. सहज विचारतेय.

तुझ्या लग्नाला मी आले नाही. तू बोलावलं होतंस की नाही ते मला अजून कळलेलं नाही. पत्रिका आली होती, पण पाकिटावर अक्षर भावोजींचं होतं.

तुझी,
बारकी


२१ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. म्हणजे पत्र मिळालंय.

मागच्या वेळी "सहज विचारतेय" लिहिलं ते साफ खोटं होतं. मी सहज काही विचारत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. "ताई, तुझी सायकल आज रिकामीच आहे का गं," असं विचारलं तेव्हा ती सायकल ओढ्यात होती.

तर खरं असं आहे. बंदर खोल करणार आहेत. तळातून जो गाळ निघेल तो भिंतीपलीकडच्या उथळ पाण्यात टाकायचा असं घाटतंय, कारण ते जवळ पडतं. आणि टाकायला हरकत नाही, कारण तिथे काही नाही असं आपला तो सर्व्हे सांगतो. अहवालात लिहिलंय, "तळ ओसाड. निव्वळ वाळू." खाली डायव्हर म्हणून सही कुणाची? माझी.

बंदर कार्यालयात सुनावणी झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, शिट्टी मारणारा माइक, आणि टेबलामागे अध्यक्षबाई, ज्या कुणाकडेच रागाने बघत नाहीत म्हणून जास्त भीती वाटते. आमच्या बाजूला जाळी टाकणारे लोक होते, शाळेतल्या विज्ञानाच्या बाई होत्या, आणखी दोन-चार मंडळी. सगळ्यांनी मला पुढे केलं. म्हणे तू तिथे रोज जातेस, तुला बोलता येतं. बोलता येतं म्हणजे काय, थांबता येत नाही.

मी बोलले, ताई. ते गवत कसं एका बाजूला झुकतं आणि मग सगळं एकदम दुसऱ्या बाजूला, कुणी मोठी चादर झटकावी तसं. त्यात नखाएवढी पिल्लं कशी लपतात, जी मोठी झाली की मग जाळ्यात येतात. पात्याला शेपटीने धरून बसलेला समुद्रघोडा. हातवारे करून त्याचं तोंडसुद्धा करून दाखवलं. मग कंपनीचा माणूस उठला. तोच, सर्व्हेला आपल्या बोटीत आलेला पिवळा कोटवाला. आवाज अगदी मऊ.

"तुम्ही साप्ताहिकात लिहिता ना?"

"हो."

"फार छान लिहिता. कवळीचा लेख आम्ही घरी दोनदा वाचला." लोक हसले. मीपण हसले, मूर्खासारखी. "मला एवढंच सांगा, सर्व्हेच्या वेळी तुम्ही चौकट ठेवलीत त्यात काय होतं?"

"चौकटीत वाळू होती, पण बाजूला..."

"प्रत्येक चौकटीत वाळू?"

"हो, पण..."

"एकाही चौकटीत गवताचं पातं नाही?"

"नाही."

"मग आम्ही तुमच्या सहीवर विश्वास ठेवायचा की तुमच्या लेखणीवर?"

खाली बसले. कान असे तापले होते की त्यावर चहा ठेवला असता.

तू वर असायचीस, चौकटीचा प्रकार तुला कधी बघायला मिळाला नाही, म्हणून सांगते. नकाशावर ठरवलेल्या जागी बोट जायची. तू शिशाचं वजन दोरीने खाली सोडायचीस. मी त्या दोरीला धरून तळाला जायचे आणि वजन टेकलं असेल तिथेच लोखंडी चौकट ठेवायचे. आत जे दिसेल तेवढंच पाटीवर लिहायचं, बाहेरचं नाही, अशी सक्त ताकीद होती. बाहेर गवत दिसायचं. दर ठिकाणी दिसायचं. मला वाटायचं, असेल योगायोग, जागा काही मी ठरवल्या नाहीत. पण दर वेळी वजन नेमकं वाळूच्या टिकलीवरच कसं पडलं, हे मला काही केल्या सांगता येईना. सुनावणीत नाही आणि नंतर उशीत तोंड खुपसूनही नाही.

मग परवा कळलं. तू गेल्यापासून माझ्या कमरेचा दोर कप्तान धरतात. कप्तान म्हणजे कुठल्या जहाजाचे वगैरे नाहीत. जन्मभर फेरीबोट या काठावरून त्या काठाला नेली, पण ऐट पहिल्यापासून कप्तानाची. माणूस चांगला, फक्त वजन कसंही सोडतात. भिंतीपलीकडे गेलो होतो, यांनी वजन भसकन गवतात टाकलं, माझा दोर पात्यांत गुरफटला. वर आले ती तणतणतच.

"कप्तान, बघून सोडा ना जरा! ताई कधी गवतात सोडायची नाही!"

आणि बोलले आणि बोटीची कड घट्ट धरली.

"काय झालं?" कप्तान म्हणाले. "पाणी गेलं नाकात?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ताई, तू त्या काचेच्या बुडाच्या बादलीत डोकं घालून वाकायचीस. मी पायात फिन्स चढवत बसलेली असायचे. मला वाटायचं तू पाणी गढूळ आहे का ते बघतेस. "जरा मागे घ्या... अजून थोडं... हं, बस." मग वजन सोडायचीस. तू खाली मोकळी वाळू शोधत होतीस. दर वेळी.

का ते मला विचारायची गरज नाही. सर्व्हेच्या आधीच्या महिन्यात त्याच गवतात एक जुनं तुटकं जाळं दडलेलं होतं. वरून दिसलं नाही, खालून दिसलं नाही. माझा दोर त्यात अडकला. मी हिसके देत होते आणि ते तुझ्यापर्यंत पोचतच नव्हते. तू ओढत होतीस आणि दोर दगडात रुतल्यासारखा. मी चाकूने कापून वर आले तेव्हा तुझी मूठ उघडत नव्हती. एकेक बोट सोडवावं लागलं. त्यानंतर तू मला गवतात कशाला सोडशील?

पिवळा कोट बोटीतच होता, पण आडवा. बोट लागते त्याला. पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत त्याने आकाश आणि पातेलं याशिवाय काही पाहिलं नाही. तू "पोचलो" म्हणालीस की त्याने खूण केली. बोट चालवणारा तू सांगशील तशी ती हलवायचा, बादलीत त्याने कधी पाहिलं नाही. म्हणजे बोट का सरकली हे या जगात तुला एकटीला माहीत आहे.

म्हणून विचारते. तू हे लिहून देशील का? पुढची सुनावणी एप्रिलच्या मध्यावर आहे, बंदर कार्यालयात, अध्यक्षबाईंसमोर. लिहिलंस तर चार लोक म्हणतील की हिच्या बहिणीने सर्व्हे बिघडवला. ते खरं नाही, पण म्हणतील. नाही लिहिलंस तर गाळ पडेल. मला दोन्ही नकोय. तरी विचारतेय.

बारकी


६ एप्रिल

ताई,

चिठ्ठी मिळाली. एवढ्या मोठ्या पाकिटात एक वाक्य! "मी दोर धरायला होते, गवत मोजायला नव्हते." खाली नाव नाही, आशीर्वाद नाही, पावसापाण्याची चौकशी नाही.

मी ते कप्तानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर बोलली."

"तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात?"

"दोर धरणाऱ्यांच्या," म्हणाले, आणि चहा ओतायला लागले.

दोन दिवस मी तुझ्यावर चिडून होते. मग राग गेला, कारण वाक्य खरंच बरोबर आहे. तुला कुणी सांगितलं होतं की चौकट नकाशातल्या ठिपक्यावरच पडली पाहिजे? मलाही नव्हतं सांगितलं. ज्यांनी सांगायचं ते पातेल्यात तोंड घालून पडले होते. तुझ्या हातात माणूस दिला होता, तू तो सांभाळलास. यात चूक कुठली काढायची?

म्हणून मी ठरवलंय, तुझं नाव घेणार नाही. आमची मंडळी मागे लागलीत. विज्ञानाच्या बाई म्हणतात, "अगं, तिला कोण फासावर चढवतंय? एक ओळ लिहायचीय." जाळीवाल्यांपैकी एकजण म्हणाला, "तू सांग ना नुसतं, ताईनं बोट सरकवली म्हणून. तुझ्या तोंडून चालेल." चालेल काय! मी फिन्स चढवत होते. बादलीत काय दिसत होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही. आणि पाहिलं असतं तरी आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी सुनावणीला जाऊन एवढंच म्हणेन की परत मोजा. का ते विचारलं तर माहीत नाही म्हणेन. ते ऐकणार नाहीत हे मलाही कळतं.

काल संध्याकाळी, काम नसताना, भिंतीपलीकडे नुसतीच जाऊन आले. काही शोधायला नाही. (कप्तान होते दोराला. लगेच घाबरू नकोस.) एका पात्यावर अंडी होती, मोहरीएवढी, ओळीने चिकटवलेली, एकेकीत काळा ठिपका हलत होता. मी इतका वेळ बघत बसले की कप्तानांनी वरून हिसका दिला, जिवंत आहेस का. मीही खालून एक हिसका दिला, म्हणजे ठीक. आणि मग मनात आलं, गाळ पडायला लागेल तेव्हा यांना कोण विचारणार?

तुला एक गंमत सांगते. गंमत नाही खरं तर. कवळी मागायला चार जण आले. छत्रीसाठी दोघींचं भांडण झालं. मी खालच्या ज्या ज्या वस्तूवर लिहिलं तिला कुणी ना कुणी मालक निघाला. गवतावर लिहिलं तेव्हा संपादकबाईंना कौतुकाची पत्रं आली, पण "आमचं आहे" म्हणत कुणी आलं नाही. कारण ते कुणाच्या खिशातून पडलेलं नाही. हे मला आधी सुचलं नव्हतं. तेव्हापासून हरवलेल्या वस्तूंवर लिहायला बसले की पेन्सिल चालत नाही. संपादकबाई म्हणतात, तू आता भाषणं करायला लागलीस, लेखातसुद्धा. असेल.

तर तू निश्चिंत राहा. तुमच्या त्या चष्म्यांच्या दुकानात बसून लोकांना चष्मे लाव. इथे तुझं नाव कुणाच्या तोंडी येणार नाही.

बारकी

ता. क. पाऊसपाणी ठीक. तू नाही विचारलंस, तरी सांगते.


१९ एप्रिल

ताई! ताई! ताई!

काय बाई आहेस तू!

थांब, नीट सांगते. घाईघाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

सुनावणीला गेले. कपडे बरे घातले होते, विज्ञानाच्या बाईंचे. माझी पाळी आली, उभी राहिले, घसा खाकरला, "मला असं म्हणायचंय की परत एकदा..." एवढं बोलले तोच अध्यक्षबाईंनी हात वर केला. "एक मिनिट. टपालाने एक पत्र आलंय. आधी ते वाचते."

आणि वाचायला लागल्या. पहिल्या ओळीला मला कळलं नाही. दुसऱ्या ओळीला "माझी बहीण" आलं आणि मी खुर्चीची पाठ धरली.

तू लिहिलेलं तुलाच कशाला सांगू? पण तिथे ते कसं वाटलं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते. सगळं सपाट आवाजात वाचलं त्यांनी. "सर्व्हेच्या प्रत्येक जागी मी काचेच्या बादलीतून तळ पाहिला. प्रत्येक जागी खाली गवत होतं. माझी बहीण खाली जाणार होती आणि मला तिला गवतात सोडायचं नव्हतं. म्हणून प्रत्येक जागी मी बोट सरकवून मोकळी वाळू शोधली आणि मग वजन सोडलं. एकदाही असं झालं नाही की बोट सरकवावी लागली नाही." आणि शेवटी, "गवत मोजायचं काम माझं नव्हतं. पण आता विचारलंत म्हणून सांगते, गवत सगळीकडे होतं. मी ते चुकवलं, म्हणून मला माहीत आहे."

माइकसुद्धा शिट्टी मारायचा थांबला. शपथ.

मला वाटलं होतं तू लिहिलंस तर ती कबुली होईल. तू तर साक्ष दिलीस! इतके दिवस ते म्हणत होते, दर चौकटीत वाळू म्हणजे गवत नाही. तुझ्या पत्राने तेच उलटं झालं. जितक्या चौकटी वाळूच्या, तितक्या वेळा गवत. मला हे सुचलंच नव्हतं. मी तुला कमीपणा येईल म्हणून तोंड शिवून बसले होते आणि तू एका पानात निकाल लावून टाकलास. आणि पत्रात कुठे माफी नाही, "अनवधानाने" नाही, काही नाही. मला ते सगळ्यात जास्त आवडलं.

अध्यक्षबाईंनी पिवळ्या कोटाकडे बघितलं. "बोट सरकवत होते, तुमच्या लक्षात आलं नाही?"

तो उभा राहिला. मला वाटलं आता काहीतरी मऊ मऊ बोलणार. त्याने चष्मा काढला आणि म्हणाला, "मी आडवा होतो, मॅडम."

"आडवा?"

"मला बोट लागते. मी वर बघत होतो. खाली बघितलं की..." पुढे हाताने खूण केली.

हॉलभर हशा. पण वाईट नव्हता गं तो हसण्यातला सूर. तोही हसला शेवटी, घाम पुसत. मला तो माणूस एकदम बरा वाटायला लागला. मागच्या वेळी माझ्यावर हसले होते ना लोक, त्यामुळे मला कळतं.

निर्णय असा, की जुना सर्व्हे बाजूला. नवा करायचा. जागा चिठ्ठ्या टाकून, वजन न बघता सोडायचं, आणि डायव्हर बाहेरचा, मी नाही. तोपर्यंत गाळ थांबला.

बाहेर येऊन पायरीवर बसले, तोंड ओंजळीत घेऊन. विज्ञानाच्या बाई पाणी घेऊन आल्या, त्यांना वाटलं मी रडतेय. मी हसत होते. मग जरा रडले. त्यांच्या साडीवर डाग पडला, धुऊन द्यायची आहे.

तू मला कळवलं का नाहीस? की कळवायचंच नव्हतं? राहू दे. उत्तर नको. एवढं केलंस त्यात सगळं आलं.

तुझी,
तुझीच बारकी


८ मे

ताई,

सर्व्हे झाला. निकाल आला. तो शेवटी सांगणार होते, राहवत नाही म्हणून आधी सांगते: गाळ तिथे पडणार नाही. दुसरी जागा बघताहेत, खोल पाण्यातली, आणि तीही आधी मोजून. कप्तानांना बातमी दिली तर म्हणाले, "मग आता रडतेस कशाला, चहा टाक."

पण मला तुला सर्व्हेच्या दिवसाचं सांगायचंय.

चिठ्ठ्या डब्यातून काढल्या. अध्यक्षबाई स्वतः बोटीत आल्या. वजन सोडायला पिवळा कोट; तो बोटीच्या काठाला पाठ करून बसला आणि मागच्या मागे टाकायचा, कारण पाण्याकडे बघितलं की त्याला मळमळतं. डायव्हर बाहेरून आलेला तरुण पोरगा, नवाच. त्याने ऐकलं होतं की गवतात जुनी जाळी असतात. दोराचं कोण करणार असं निघालं तेव्हा तो म्हणाला, "ह्या ताईंना धरू दे. यांना तळ माहीत आहे." अध्यक्षबाई म्हणाल्या, "दोर कुणीही धरा, वजनाला हात लावू नका."

मी धरला. ताई, मी जन्मात पहिल्यांदा वरून दोर धरला.

वरून काहीच दिसत नाही. मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी खाली मजेत, मासे काय, पाती काय, आणि वर तुला काय दिसायचं? बुडबुडे. ते सुद्धा भलतीकडेच येतात. पोरगा गेला आणि दोर सैल पडला, मग ताणला, मग पुन्हा सैल. मी एक हिसका दिला. उत्तर नाही. परत दिला. मग त्याचा आला, ठीक. वर आल्यावर विचारलं, पहिल्या वेळी का नाही दिलास? म्हणतो, "समुद्रघोडा बघत होतो." मी त्याला मारणारच होते. आणि मग आठवलं की मी तुला असं किती वेळा केलंय.

पुढच्या जागेला बोट थांबली तेव्हा मी काचेच्या बादलीतून पाहिलं. खाली दाट गवत. हाताच्या अंतरावर वाळूचा गोल, स्वच्छ. आणि ताई, माझ्या तोंडात आलं होतं, अगदी जिभेवर: "जरा मागे घ्या." तो माझा कुणी नव्हता. नावही माहीत नव्हतं. तरी आलं. दात आवळून गप्प बसले आणि वजन गवतात पडू दिलं.

त्या दिवशी मला तुझा राग कळला. बसच्या दारातलं ते वाक्यही कळलं. मी पाणी सोडणार नाही, ते जमणार नाही. पण आता आठवड्यातले निम्मे दिवस मी पाण्याबाहेरच असते. दुसऱ्या बंदरांतून बोलावणी येतात, तिथेही असेच सर्व्हे आणि असाच गाळ आहे. मी जाते, उभी राहते, विषय सोडून बोलते. मुद्दा शेवटी येतो, पण येतो. आणि कुठेही गेले तरी पहिला प्रश्न विचारते, वजन कुणी सोडलं आणि कसं सोडलं. लोकांना वाटतं मी फार अनुभवी आहे.

थांब, जिन्यावर कुणीतरी आहे. मिस्त्री असतील. त्यांची पावलं जड असतात, ही हलकी आहेत, आणि दर पायरीला दम घेतंय कुणीतरी.

ताई.

मिस्त्री नाहीत. तुझ्या सासूबाई आल्या आहेत.

मी कधी पाहिलं नव्हतं त्यांना. दारात उभ्या, हातात पिशवी, डोक्याला वरचं तुळईचं लाकूड लागलेलं. म्हणाल्या, "पाण्यात जाणारी ती तूच ना? मी तुझ्या ताईची सासू. पत्ता तुझ्या पाकिटावरून घेतला. तिला सांगितलेलं नाही, तिला वाटतंय मी माझ्या बहिणीकडे गेलेय." मी बसा म्हणायचं विसरले. त्या आपणहून खाटेवर बसल्या. "एरवी माझी सून बडबडी. तुझं पत्र आलं की दोन दिवस घरात तोंड उघडत नाही, आणि मागच्या महिन्यात कागद घेऊन बसली ती जेवायलासुद्धा उठली नाही. काय लिहितेस विचारलं तर म्हणाली, साक्ष. म्हटलं, आता आपणच जाऊन बघावं."

पाणी दिलं, प्यायल्या. दमलेल्या आहेत पण बसवत नाहीये त्यांना. खिडकीतून बोटी बघताहेत. मी विचारलं, पोहता येतं का तुम्हाला? म्हणाल्या, "पोहायचंय कुणाला? मला तो दोर कसा धरतात ते दाखव. ती म्हणते ते काम कुणाला सांगून कळत नाही. बघू तरी."

पाकीट बंद करते. कप्तानांना हाक मारायला हवी, त्या जिना उतरायलासुद्धा लागल्या.

बारकी